पांगाऱ्याच्या गाठी आणि मिरीचा वेल

प्रश्न : जांबोटीच्या बाजूला आमची मिरी पांगाऱ्यावर चढवली आहे. यंदा पांगाऱ्याची कोवळी पानं चुरगळली, देठांना गाठी आल्या, शेंडे सुजले. दुकानदारानं दिलेली दोन औषधं मारली, फरक नाही. हे मिरीवर येईल का?

उत्तर : मिरीवर येणार नाही. हा रोग नव्हे, कीड आहे, आणि ती पांगाऱ्याच्या जाती सोडून कशावर जगत नाही. एक गाठ ब्लेडनं उभी चिरून पाहा, आत पांढुरकी अळी दिसेल. जुन्या गाठीवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं असली, तर माशी उडून गेली म्हणायचं. गांधीलमाशीच्या गोतातली, जेमतेम दीड मिलिमीटरची. अंडी थेट कोवळ्या पानाच्या आत घालते, म्हणून वरून मारलेलं औषध अळीपर्यंत पोचतच नाही. अंड्यापासून माशी व्हायला वीसेक दिवस पुरतात. 2004 साली सिंगापूर, मॉरिशसकडच्या झाडांवरून हिची ओळख पटली आणि दोन-तीन वर्षांत केरळच्या मिरीमळ्यांतले पांगारे तिनं वाळवले.

आता कुणी मुळाशी आंतरप्रवाही, म्हणजे मुळांतून सगळ्या झाडात भिनणारं, औषध ओतायला सांगेल. ऐकू नका. मिरीची मुळं तिथंच आहेत, आणि फेब्रुवारी-मार्चला पांगारा फुलला की त्याच फुलांतला रस मैना, बुलबुल, मधमाश्या पितात.

मिरीला उजेड मिळावा म्हणून पावसाच्या तोंडावर छाटणी करताच, तेव्हाच गाठीचे शेंडे काढून जाळा. बांधावर टाकू नका. वरचेवर मात्र छाटू नका, कारण नवा कोंब फुटला की माशीला आयतं रान मिळतं.

जुना पांगारा लगेच तोडलात तर वेल जमिनीवर येईल. त्याच्याशेजारी हातभर अंतरावर गिरीपुष्पाची (कन्नडात गोब्बरद गिडा) मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटी फांदी पहिल्या पावसाला रोवा. बुडखा खाली, शेंडा वर. हे सांगावं लागतं, उलट्या रोवलेल्या मी पाहिल्यात. तीही शेंगवर्गातली, मुळांच्या गाठींतून नत्र देते, पाला खताला होतो. खोड जाड झालं की वेलाचे नवे फुटवे तिच्यावर बांधत चला. पांगाऱ्याच्या फांद्या मात्र पाहुण्यांकडूनसुद्धा आणू नका. कीड फांदीबरोबरच गाव बदलते.

खात्री हवी असेल तर गाठीची डहाळी प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून जवळच्या रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या) घेऊन या. पिशवी वाटेत उघडू नका.