हजेरी

अगं,

रविवारी जिन्यात तू विचारलंस, "काका, पुण्याची टीमच नाही, मग मी आता कुणाची?" आणि मी दुधाची पिशवी सांभाळत "सांगतो नंतर" म्हणून वर निघून आलो. हे जिन्यात सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय तुझी आई हाका मारत होती.

मला २१ मे २०१७ ची, पुणे-मुंबई आयपीएल अंतिम सामन्याची रात्र आठवते. तुमच्याकडे टीव्हीसमोर तू उशी कुशीत धरून बसली होतीस. मुंबईच्या फक्त १२९ धावा. शेवटच्या षटकात आपल्याला अकरा हव्या होत्या, पहिल्याच चेंडूला तिवारीने चौकार मारला आणि तू उशी पंख्यापर्यंत भिरकावलीस. पुढच्या दोन चेंडूंवर जॉन्सनने तिवारी आणि स्मिथ, दोघांनाही घालवलं. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या. दोन पळून काढल्या, तिसरीला धावचीत. त्याच मोसमात ह्याच मुंबईला आपण तीनदा हरवलं होतं, आणि अंतिम सामना एका धावेने गेला. तू न जेवता झोपलीस. पुढे तर टीमच राहिली नाही. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी होती, तेवढ्यापुरती भाड्याने दिलेली खोली होती ती. मालक परत आले, भाडेकरू गेले. त्याआधीचे पुणे वॉरियर्सही तसेच, २०११ ला आले आणि २०१३ ला गाशा गुंडाळला.

आता मैत्रिणी म्हणतात चेन्नईकडे ये, आपला पुण्याचा ऋतुराज गायकवाड तिकडेच आहे. भाऊ म्हणतो मुंबईकडे ये. आणि तुला वाटतं ही बेइमानी होईल. होईल की नाही याचा काथ्याकूट मी करणार नाही. मला एवढंच सांग, यांपैकी कुणासाठी तू स्वतःच्या पायाने कधी कुठे गेली आहेस का?

माझे वडील मला महाराष्ट्राचे रणजी सामने बघायला नेहरू स्टेडियमवर न्यायचे. लग्नाला निघताना म्हणतात ना, "हजेरी लावून येऊ", अगदी तसंच म्हणायचे. डब्यात पोळीचे रोल आणि एक दोनशे पानी वही. महाराष्ट्र जिंकेल का, असं मी विचारलं की चिडायचे. "आपण हजेरी लावायची." बस. पाटावरवंटा खेळपट्टी, दिवसभरात तीन विकेट, शेजारी कुणीतरी तोंडावर पेपर घेऊन झोपलेला, आणि हे एकेक निर्धाव षटक वहीत मांडतायत. मला तेव्हा भयंकर कंटाळा यायचा. खोटं कशाला सांगू.

रणजी करंडकातला आपला इतिहास तुला ठाऊक नसेल तर दोन ओळीत आटपतो. करंडक दोनदा आला, १९३९-४० आणि १९४०-४१ ला, दोन्ही वेळा कप्तान प्रोफेसर देवधर. त्या दुसऱ्या मोसमात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ काढल्या, तेव्हा वय पन्नाशीला टेकलं होतं. त्यानंतर एकदाही नाही. मुंबईने २०२४ पर्यंत ४२ वेळा उचलला, आणि विदर्भानेही २०१७-१८ पासून करंडक घरी न्यायला सुरुवात केली. एकाच राज्यातले तीन संघ, त्यातले आपण हे असे. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईचे बडे खेळाडू वेस्ट इंडीजला गेलेले होते, तरी आपण ४८ धावांनी हरलो! म्हणजे जिंकण्यासाठी माणसाने महाराष्ट्राच्या मागे लागू नये, हे मान्यच.

पण १९४८ ला पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता आणि काठियावाडचा संघ लंचनंतर खेळायलाच आला नाही. त्या सकाळी तिथे बसलेल्या माणसांनी जे पाहिलं ते तुझ्या कुठल्याही ॲपवर सापडत नाही. कारण ते तिथे होते. हजर होते.

आता माझं ऐक. जानेवारी २०१४, रणजीचा उपांत्यपूर्व सामना, वानखेडेवर, समोर मुंबई. मी रजा टाकलेली होती. पहिल्या डावात मुंबईने शंभराच्या वर आघाडी घेतली आणि मी शहाण्यासारखा हिशोब केला: मुंबई, वानखेडे, आघाडी. शिवनेरीचे पैसे वाचवले, रजा मागे घेतली. दुसऱ्या डावात मुंबई १२९ मध्ये गुंडाळली (हो, तोच आकडा, तुझ्या उशीचा). केदार जाधव आणि विजय झोल नाबाद राहिले, आठ गडी राखून जिंकलो. गतविजेत्या मुंबईला, त्यांच्या घरात. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर धावफलक रिफ्रेश करत होतो आणि समोर एक गृहस्थ चेकबुक मागत उभे होते. आयुष्यभर ज्या दिवसासाठी कंटाळा सोसला, त्या दिवशी माझी गैरहजेरी.

अंतिम सामन्याला मात्र हैदराबादला गेलो. घरी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ते बहिणीवर सोपवून गेलो, आणि तिने ते आजतागायत मला माफ केलेलं नाही. आता तूच सांग, ऑपरेशन वीस मिनिटांचं, डॉक्टर ओळखीचे, बहीण घरात. मी तिथे बाकड्यावर बसून काय करणार होतो? हे तिला कितीदा समजावलं. ती म्हणते, "दादा, हजर राहायचं असतं म्हणतोस ना?" तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही.

हरलो. कर्नाटकने सात गडी राखून हरवलं. त्या मोसमात १२२३ धावा काढलेल्या केदारने दुसऱ्या डावात शतक ठोकलं, पण पुरलं नाही. पाचव्या दिवशी कर्नाटकवाले नाचत होते आणि त्या एवढ्या मोठ्या स्टेडियमच्या रिकाम्या खुर्च्यांत आम्ही चारपाच मराठी माणसं वेगवेगळ्या रांगांतून एकमेकांकडे बघत होतो. एकाने लांबूनच हात वर केला. मीही केला. ओळख ना पाळख. वानखेडेचा विजय मला सांगता येत नाही, हा पराभव मात्र मी तासभर सांगू शकतो. यावरून काय ते समज.

तू म्हणशील, काका, मला तर ट्वेंटी-ट्वेंटी आवडतं. आवडू दे की. ऋतुराज पिवळ्या कपड्यात आवडत असेल तर तेही चालेल. पण त्याने एका षटकात सात षटकार मारले (एक नोबॉल धरून) ते आपल्या महाराष्ट्राकडून, २०२२ ला अहमदाबादेत. ते तू फोनवर पाहिलंस, मीही फोनवरच पाहिलं. दोघेही गैरहजर. कुणाची बाजू घेऊ, हे विचारत बसण्यापेक्षा जाऊन बस. चार दिवस बस. तिसऱ्या दिवशी तू कुणाची ते तुझं तुलाच कळेल, आणि नाहीच कळलं तर मुंबईकडे जा, मी जिन्यात बोलणं बंद करणार नाही. थोडं कमी करीन.

रणजीचं वेळापत्रक आलं की गहुंज्याचा पहिला सामना बघून ठेव. लोणावळा लोकलने देहूरोडला उतरू, पुढे रिक्षा. पहिला चेंडू चुकवायचा नाही. इतकी शांतता असते की यष्टिरक्षक स्लिपवाल्याशी मराठीत काय बोलतो तेही ऐकू येतं, आणि ते सगळंच तुझ्या आईला सांगण्यासारखं नसतं. टोपी आण. वही वडिलांचीच आहे, मागची साठेक पानं अजून कोरी आहेत. डब्याचं काकूला सांगितलंय, पण तिने अजून हो म्हटलेलं नाही.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका