मेल्यावर बैलाचे पाय ताठ का झाले?

प्रश्न : आमचा म्हातारा बैल गेल्या महिन्यात संध्याकाळी गेला. रात्री त्याचे पाय सहज दुमडत होते, पण सकाळी पुरायला नेताना ते लाकडासारखे ताठ झाले होते. अंगातली शक्ती संपल्यावर ते सैल पडायला हवेत ना? (एक शेतकरी वाचक, ता. यावल)

उत्तर : आखडायला शक्ती लागते आणि सैल होणे फुकट असते, असा आपल्या सर्वांचाच समज असतो, पेशीच्या आतला हिशेब मात्र वेगळा आहे.

स्नायूच्या पेशीत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे अनुक्रमे जाड आणि बारीक तंतू एकमेकांत शिरलेले असतात. चेतातंतूचा संदेश पोहोचला की पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटते, ते ॲक्टिनवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे ट्रोपोमायोसिनचा आडोसा सरकतो आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून आत ओढतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी मांडले; दोन्हींत हक्स्ली आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता, पण त्या दोघांचे नाते काहीच नव्हते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच्या पुढच्या पायरीत आहे. एकदा ओढून झाले की डोके ॲक्टिनला घट्ट धरूनच राहते, आणि एटीपी या ऊर्जावाहक रेणूचा नवा नग येऊन बसल्याखेरीज ती पकड सुटत नाही. शिवाय सुटलेले कॅल्शियम कोठारात परत भरण्याचे काम पंपासारखी प्रथिने करतात, आणि दर दोन कॅल्शियम आयनांमागे एक एटीपी खर्च होतो. विहीर खोदताना झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते, वीज गेली की खड्डा भरतो, तसेच हे आहे.

श्वास थांबल्यावर पेशीत उरलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, काही तास एटीपी बनत राहते, म्हणून रात्री पाय दुमडत होते. साठा संपल्यावर पंप बंद पडले, कॅल्शियम पसरले, डोक्यांनी ॲक्टिन धरले आणि सोडवायला एटीपी उरले नाही. पाय ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत ताठ झाले. हा ताठरपणा कायमचा नसतो. पेशीतली विकरे प्रथिनांची मोडतोड करू लागली की तो दीड-दोन दिवसांत ओसरतो, आणि आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्यात तर येतोही लवकर, जातोही लवकर. मरणापूर्वी जनावर फार राबलेले असेल तर साठा आधीच उणा असल्याने ते आणखी लवकर ताठते. तुमचा बैल बहुधा गोठ्यातच बसून असावा.