देव प्रेमळ असेल, तर लहान मूल का जातं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या महापेच्या ऑफिसातल्या ख्रिस्ती सहकाऱ्याची मुलगी गेल्या वर्षी वारली, आणि तरी तो दर रविवारी चर्चला जातो. देव सर्वशक्तिमान आणि प्रेमळ असेल तर त्याने हे होऊ का दिलं, आणि ख्रिस्ती माणूस स्वतःच्या मनाला काय सांगतो, हा तुमचा प्रश्न.

मी ऐरोलीत राहतो. आमचं घराणं नगरकडचं, चार पिढ्या ख्रिस्ती. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी २०१६ साली, सहा वर्षांची असताना, रक्ताच्या कॅन्सरने गेली. मी उत्तर देतोय ते तिथून.

आधी पुस्तकातलं सांगतो, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. संत ऑगस्टीन हा जुन्या काळचा ख्रिस्ती विचारवंत म्हणायचा की वाईट ही देवाने घडवलेली वस्तूच नव्हे. अंधार म्हणजे उजेड नसणं, तसं वाईट म्हणजे चांगलं नसणं, आणि माणसाने आपली इच्छा देवापासून फिरवली तिथून ते जगात शिरलं. विसाव्या शतकात आल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने स्वातंत्र्याचा हा मुद्दा तर्काने बांधून दाखवला: माणसाला खरोखर मोकळीक द्यायची, तर तो वाईट वागणारच नाही अशी सोय देवालाही करता येत नाही. कुणी दारू पिऊन फुटपाथवर गाडी घातली तर हे मला पटतं. पण सहा वर्षांच्या पोरीच्या हाडांतल्या मगजात पेशी बेसुमार वाढल्या, त्यात कुणाची मोकळीक आली? दुःखाने माणूस घडतो, असंही सांगतात. घडतो कधीकधी. पण आई घडावी म्हणून देव मूल नेत असेल, तर त्या देवापुढे मी गुडघे टेकणार नाही.

खारघरच्या हॉस्पिटलात आम्ही सात महिने काढले. भेटायला येणारे खूप. कुणी म्हणे, देवाची काहीतरी योजना असेल. एकाने तर माझ्या बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, घरात कौटुंबिक प्रार्थना नियमित होते ना? ती रात्रभर जिन्यात बसून राहिली, आपलं काय चुकलं ते आठवत.

आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी होत्या. ठाण्याहून पनवेल गाडी पकडून रोज यायच्या, डब्यात भाताची पेज घेऊन. केमोने पोरीचे केस गळायला लागले होते. सकाळी उशीवर केस दिसले की ती रडायची. म्हणून मावशी ती झोपेत असतानाच ओला रुमाल उशीवरून हलक्या हाताने फिरवायच्या, केस टिपायच्या आणि रुमालाची घडी करून पिशवीत टाकायच्या. देवाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

पवित्र शास्त्रात ईयोबाचं पुस्तक आहे. त्याची मुलं, गुरंढोरं, तब्येत, सगळं जातं. तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. मग बोलायला लागतात, आणि तिथेच घाण होते: तू काहीतरी पाप केलं असणार! ईयोब ऐकत नाही. तो देवालाच जाब विचारतो, जन्मलो त्या दिवसाला शिव्याशाप देतो. शेवटी देव बोलतो, पण ‘का’ ते सांगतच नाही. उलट त्या मित्रांवर संतापतो: माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची बाजू मांडणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा. हे पुस्तक बायबलात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही, याचा मला फार आधार वाटतो.

येशूलाही हा प्रश्न विचारला गेला. जन्मांध माणूस पाहून शिष्य म्हणाले, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून, असं तो पुढे म्हणतो, आणि ते वाक्य मला आजही जड जातं. ते सोपं करून तुम्हाला सांगणार नाही. पण जेरुसलेमातला शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा जास्त पापी होती हे त्याने साफ नाकारलं. जिन्यात बसलेल्या माझ्या बहिणीला त्या रात्री कुणी एवढंच सांगायला हवं होतं.

आणि मग वधस्तंभ. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बायबलातल्या बावीसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, आणि मरताना ते येशूच्या तोंडी आहे. म्हणजे तुमचा ‘का’ त्यानेही विचारला, आणि त्या दुपारी वरून उत्तर आलं नाही. माझा विश्वास या जागेवर टेकलेला आहे. आम्ही मानतो की तिथे टांगलेला माणूस स्वतः देव होता. दुःखाचं कारण मला कळलेलं नाही, पण ज्याच्याकडे तक्रार करायची तो दुःखाबाहेर उभा नाही. येशू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, हे पुनरुत्थान आम्ही मानतो, भाची पुन्हा भेटेल ही आशा आहे. पण तिसरा दिवस उजाडण्याआधी तो मेला तो शुक्रवार आणि थडग्यातला शनिवार काढावे लागतात, आणि लोक ते ओलांडायची फार घाई करतात.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच, १८८२ साली, पतीला कॉलऱ्याने नेलं. नंतर त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, वर्षाच्या आत त्याही गेल्या. दुष्काळ का पडतो याचं उत्तर शोधत त्या बसल्या नाहीत. भूक त्यांनी पाहिली होती, म्हणून कुणाला आणायचं ते त्यांना कळलं.

तुमच्या सहकाऱ्याला ‘तरी कसा विश्वास ठेवतोस’ असं विचारू नका. डबा खाताना शेजारी बसा. मुलीचं नाव घ्या. मूल गेल्यावर लोक नाव घ्यायचंच सोडतात, आणि आईबापांना ते ऐकायचं असतं.

माझी बहीणही दर रविवारी चर्चला येते. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सगळे मोठ्याने म्हणतात, मी तिच्या शेजारी उभा असतो. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द ती म्हणत नाही. २०१६ पासून एकदाही नाही. तेवढं गप्प राहते, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ इथे तिचा आवाज परत येतो. पाळकसाहेबांना हे ठाऊक आहे. पुढच्या ओळीआधी ते क्षणभर थांबतात.