दहाच्या बोल्टाला होल कितीचं?

प्रश्न : थ्रेशरच्या बेअरिंगखालची पट्टी झिजली होती, म्हणून 12 मिमी जाडीची नवी पट्टी कापून आणली. तिच्यात दहाचे, म्हणजे 10 मिमीचे, बोल्ट बसवायचे होते. गावातल्या जुन्या मिस्त्रींनी सांगितलं, ‘दहाला आठचं होल कर.’ केलं. टॅप (होलात आटे पाडायचं हत्यार) अर्ध्यात गेला अन् कट्‌कन तुटला. दुसरा आणला, तोही तुटला. टॅप हलके होते की माझा हात चुकला?
– एक शेतकरी, ता. दिग्रस

उत्तर : भाऊ, आठच्या होलात चांगला टॅपही तुटतो. तुमचं होल लहान पडलं.

मिस्त्रींना मात्र दोष देऊ नका. ते त्यांच्या हिशेबानं बरोबरच आहेत. त्यांचा हात बसला तो सुताच्या बोल्टांवर. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्ट साडेनऊ मिमीचा, त्याला इंचाला 16 आटे. त्या बोल्टाला आठचं होल अगदी चपखल. इंग्लंडच्या व्हिटवर्थनं 1841 मध्ये आट्यांचं हे माप मांडलं आणि आपल्याकडच्या जुन्या अवजारांवर ते अजून सापडतं. पुढे मिलिमीटरचे बोल्ट आले. तीन सुताच्या जागी दहाचा बोल्ट आला, पण होल तेच आठचं राहिलं.

दहाच्या साध्या बोल्टाची पिच दीड मिमी असते. पिच म्हणजे एका आट्याच्या टोकापासून पुढच्या आट्याच्या टोकापर्यंतचं अंतर. बोल्टाच्या मापातून पिच वजा करायची, उरेल ते होल. दहातून दीड गेला, साडेआठ उरले. आठच्या बोल्टाची पिच सव्वा, म्हणून 6.75, जवळचा ड्रिल बिट 6.8. बाराची पावणेदोन, म्हणून 10.25, जवळचा बिट 10.2. सहाची एक, म्हणून पाच. सोळाची दोन, म्हणून चौदा. घरगुती बिटांच्या डब्यात 6.8 आणि 10.2 बहुतेक नसतात. ते दुकानात सुटे मागून घ्या.

आठ आणि साडेआठमध्ये फरक अर्ध्या मिलिमीटरचा. एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. दहाच्या आट्यांच्या आतल्या टोकाचं माप 8.38 ते 8.68 च्या दरम्यान यायला हवं. होलच आठचं असलं तर टॅपच्या दातांमधली जागा गच्च भरते, दातांच्या बुडाशी लोखंड घासायला लागतं, भुगा बाहेर पडायला वाट राहत नाही. आपण जोर लावतो, आणि टॅप पिळवटून तुटतो. होल घट्ट ठेवलं की आटे मजबूत होतात, हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. साडेआठच्या होलातले आटे पूर्ण उंचीच्या जवळपास पाऊणपट भरतात आणि तेवढे पुरतात. त्याहून जास्त भरले तर ताकद जेमतेम वाढते, टॅपवरचा जोर मात्र फार वाढतो.

हे मला पटलं ते नुकसान झाल्यावर. दारव्ह्याला दुकान टाकलं त्या वर्षी, ऐन सोयाबीनच्या हंगामात, एका शेतकऱ्याच्या थ्रेशरला मी असाच आठच्या होलात दहाचा टॅप मारला. तो आत तुटला. काढायला दीड दिवस गेला. त्याची गंजी वावरात उभी होती आणि दुसऱ्या रात्री पाऊस आला. ताडपत्रीखालून बुडाकडचं सोयाबीन भिजलं. त्यानं मला एक शब्द बोलला नाही, पण ते ओलं झालेलं सोयाबीन हातात घेऊन तो उभा होता, ते मला आजही दिसतं.

म्हणून बिट लावण्याआधी बोल्टाची पिच मोजा. पिच गेज नसेल तर कोऱ्या कागदाची पट्टी बोल्टाच्या आट्यांवर अंगठ्यानं दाबा. ओळीनं खुणा उमटतील. अकरा खुणा मोजा, म्हणजे मधली अंतरं दहा झाली, आणि पट्टीनं मापा. 15 मिमी भरले तर दहाचा साधा बोल्ट. 16 ला जेमतेम कमी भरले तर तो तीन सुती. साडेबारा भरले तर बारीक आट्यांचा, त्याला 8.8 चं होल. तीन सुती बोल्टाला दहाचा नट चढतो, पण खिळखिळा बसतो आणि आवळताना आटे सोलून निघतात.

तुटलेला टॅप हायस्पीड स्टीलचा, म्हणजे फार कठीण पोलादाचा, असेल तर तो साध्या बिटानं निघणार नाही. पट्टी उलटून बाजूला नवं होल पाडता आलं तर ते बघा, नाहीतर पट्टीच नवी करा. या वेळी टॅप गुनियानं काटकोनात आहे का ते पाहा, लोखंडाला कटिंग ऑइल द्या, अर्धा फेरा पुढे अन् पाव फेरा मागे असं फिरवा. बिडाला (ओतीव लोखंडाला) तेल नको, कोरडंच चालतं. 12 मिमी जाडी दहाच्या बोल्टाला लोखंडात पुरे आहे. बीड असतं तर 15 आणि अॅल्युमिनियम असतं तर 20 मिमी खोल आटे मी मागितले असते.

प्रश्न : कल्टिव्हेटरच्या दोन पट्ट्या बाराच्या बोल्टानं जोडल्या. दोन्हीत आटे पाडले, तरी मधे फट राहते. कितीही आवळा, मिटत नाही.
– ता. मेहकर

उत्तर : आटे फक्त खालच्या पट्टीत हवेत. वरच्या पट्टीतून बोल्ट मोकळा गेला पाहिजे, तरच त्याचं डोकं तिला खाली दाबेल. बाराला साडेतेराचं होल करा. दहाला अकरा, आठला नऊ.

प्रश्न : मी आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. आठच्या टॅपसाठी 6.8 चाच बिट वापरला, तरी बोल्ट सैल बसला. सर म्हणाले, बिट बघ. बिटावर तर 6.8 च लिहिलंय.
– एक विद्यार्थिनी, आर्वी

उत्तर : ताई, सरांनी तुम्हाला नेमकी जागा दाखवली आहे. बिटावर लिहिलंय ते दांड्याचं माप. होल पाडतात त्या टोकाच्या दोन धारा. एमरीवर (धार लावायच्या फिरत्या चाकावर) हातानं धार लावली की एक धार लांब, एक आखूड होते, मधलं टोक बाजूला सरकतं आणि बिट स्वतःपेक्षा मोठं वर्तुळ कापतो. कापताना भुग्याकडे बघा. दोन्ही खाचांतून सारख्या गुंडाळ्या निघाल्या तर धार बरोबर आहे. एकाच बाजूनं निघत असेल तर दुसरी धार नुसती फिरतेय. दोन्ही धारा मधल्या रेषेपासून 59 अंशांत आणि लांबीला सारख्या हव्यात. धार लावली की आधी भंगार पट्टीवर एक होल पाडा आणि व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी मोजा. 6.9 च्या आत आलं तर बिट कामाला घ्या, वर गेलं तर परत एमरीवर.