मध्यपूर्व की पश्चिम आशिया?

दारव्ह्याकडच्या एका सरांनी विचारलंय: पेपरात ‘मध्यपूर्व’ छापून येतं, वर्गात आपण ‘पश्चिम आशिया’ शिकवतो, मग बरोबर काय? नकाशा पाहून त्यांच्या वर्गातली एक पोरगी म्हणाली, “सर, थे देश तं आपल्या मावळतीले हायेत, मंग हे पूर्व कायची?”

पोरीचं बरोबर आहे. सर, पश्चिम आशियाच लिहा.

दिशांचे आपले शब्द माणूस कसा उभा आहे त्यावरून आलेत. उगवतीकडे तोंड केलं की समोर ते पूर्व, पाठीमागे ते पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. संस्कृतातले मूळ अर्थ हेच. म्हणून खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना आधी वावर कोणाचं ते पाहतात. आमचा मावळतीचा धुरा, म्हणजे बांध, शेजाऱ्याच्या खतात ‘पूर्वेस’ म्हणून लिहिलाय. धुरा एकच, कागद दोन्ही खरे. पण त्याच्या खतातली दिशा आमच्या खतात उतरवली, तर वावर भलतीकडेच जाईल.

‘मध्यपूर्व’ म्हणताना आपण तेच करतो. ही चतुःसीमा युरोपातून लिहिलेली आहे: तुर्कस्तानकडचा भाग निकटपूर्व, चीन-जपान अतिपूर्व, मधला तो मध्यपूर्व. अमेरिकी नौदलातले आल्फ्रेड महान यांनी १९०२ साली लंडनच्या एका मासिकात इराणच्या आखाताभोवतीच्या मुलखाला हे नाव वापरलं आणि ते रुळलं. आपल्याकडे ते तारेनं आलं. १८७० साली रॉयटर्स, हावास आणि वोल्फ या वृत्तसंस्थांनी करार करून बातम्यांचं जग वाटून घेतलं. ब्रिटिश साम्राज्य रॉयटर्सकडे गेलं. परदेशची बातमी लंडनच्या शब्दांत यायची आणि आपण शब्दाला शब्द ठेवायचो. बातम्यांचा ओघ एकतर्फी असल्याचं युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगानं १९८० साली मांडलं. त्याच ओघातून दिशाही उसनी यावी, हे मला जास्त खुपतं.

मक्का साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, नागपूरही तिथंच. म्हणजे आपल्याकडून जवळपास सरळ मावळतीला. गावातल्या मशिदीत नमाजाला तोंड मावळतीकडेच असतं. पोरांनी हे लहानपणापासून पाहिलेलं असतं.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयातही ‘पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका’ असाच विभाग आहे. बातमीत इजिप्त असेल तर त्याचं नाव वेगळं घ्या, तो बहुतेक आफ्रिकेत येतो. आणि ‘आखाती देश’ हा ‘पश्चिम आशिया’ला पर्याय नव्हे. सीरिया-लेबनॉनला आखाताचा किनाराच नाही.