तीन खेपा, तीन केसपेपर

प्रश्न : मी नाशिकमधील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका आहे. एक आजी चार महिन्यांत तीनदा आल्या. दर वेळी मुलाने ‘बाथरूममध्ये पडल्या’ एवढेच सांगितले आणि आजी गप्प राहिल्या. तिन्ही वेळा केसपेपर नवा निघाला, डॉक्टरही वेगळे होते. मी त्यांना ओळखले ते दोऱ्याने बांधलेल्या चष्म्याच्या काडीवरून. घरात मारहाण होत असावी, असे वाटते. कामाच्या रेट्यात आणखी नोंदी ठेवून काय साधेल?
— एक वाचक, सिडको

उत्तर : तुम्ही त्या दिवशी ड्युटीवर नसता, तर आजींची तिसरी खेपही पहिलीच ठरली असती. म्हणून आधी जुना नोंदणी क्रमांक शोधून त्यावरच केसपेपर काढण्याचा आग्रह धरा. ‘पडल्या’ एवढ्यावर न थांबता दुखापत कधी झाली, रुग्णालयात कधी आणले, उत्तरे कोणी दिली आणि जखम नेमकी कुठे व केवढी आहे, हे लिहा. पडल्याचे वळ बहुधा हातापायांवर उठतात. चेहरा, मान किंवा पाठीवर मोठे वळ असल्यास अधिक चौकशी हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी सहज वळ उठतात, म्हणून औषधेही नोंदवा. वळाच्या रंगावरून मात्र दिवस ठरवू नका.

एक्स-रेला नेताना मुलाला बाहेर बसवून आजींना एकांतात विचारा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा. ‘विचारले नाही’ आणि ‘विचारले, नाही म्हणाल्या’ यांचे रकाने वेगळे असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण दोन्ही एकत्र झाले की न विचारलेली आजी कागदोपत्री सुरक्षित ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढील सुमारे सहापैकी एका व्यक्तीला वर्षभरात गैरवर्तन सोसावे लागते. तेव्हा रजिस्टरमध्ये महिनोन्‌महिने शून्य दिसत असेल, तर विचारणेच होत नाही असे समजावे. विचारणे सुरू झाल्यावर आकडा वाढेल, त्याने वरिष्ठांनी बिचकू नये. त्याच आकड्यांवरून कोणत्या पाळीत विचारणे राहते, कितींना समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवले आणि त्यांतील किती पुन्हा जखमी होऊन आले, हे कळते.

ही शंका डिस्चार्ज कार्डावर मात्र लिहू नका. ते कार्ड मुलाच्याच हाती जाते. मारहाणीचा संशय असल्यास एमएलसी (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंदवण्याविषयी डॉक्टरांशी बोला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील न्यायाधिकरणाची आणि 14567 या हेल्पलाइनची माहिती आजींना तोंडी द्या. सोडण्यापूर्वी ‘आज रात्री घरी जायला भीती वाटते का?’ हे एकांतात विचारा. त्या ‘हो’ म्हणाल्या, तर त्यांच्या संमतीने त्यांना रुग्णालयातच ठेवून घ्यावे, असे डॉक्टरांना सांगा.