चादरीच्या दुकानाची साइट: आधी हे बघ

तुझं डिझाइन बघितलं. मेहनत दिसते, पण वरचा सरकता बॅनर काढच. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानाचं गिऱ्हाईक साइट मोबाइलवर उघडणार. त्याला माल, भाव आणि फोन नंबर लगेच दिसायला हवा.

खरा जीव ओत तो मालाच्या पानावर. सोलापुरी चादर लोक हाताने चाचपून घेतात, अन् ते तर स्क्रीनवर होत नाही. म्हणून विणीचा अगदी जवळून फोटो, पलंगावर अंथरलेल्या चादरीचा दुसरा, लांबी-रुंदी इंचांत आणि वजन ग्रॅममध्ये लिही. वजन बहुतेक जण विसरतात; माझ्या मते तेच सगळ्यात उपयोगी.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नकोत, इथल्या उन्हात ती दिसतच नाहीत. डब्ल्यूसीएजीनुसार (साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेले वेबचे नियम) साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, लागतो. बटणं ४८ डीपीची (डीपी म्हणजे स्क्रीन कुठलीही असो, आकार साधारण सारखाच ठेवणारं माप) ठेव, अँड्रॉइडची शिफारस तीच आहे. चौकशीच्या फॉर्ममध्ये ईमेल सक्तीचा कशाला? नाव आणि मोबाइल पुरे, आणि नंबरच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडू दे.

मग दुकानातल्या काकांच्या हातात फोन दे, ‘डबल बेडची चादर मागवा’ एवढंच सांग आणि गप्प बस. ते जिथे अडतील, तिथून दुरुस्ती सुरू कर.